ढोलीजवळची पाटी

धाकटी दातांच्या कवळ्या बनवायची आणि तिची ताई बागेतल्या पाट्या लिहायची. ताई म्हणायची, आपल्या दोघींच्या कामात साम्य एकच आहे. नीट बसलं तर कुणी नावाजत नाही, आणि जरा चुकलं तर माणूस लगेच तोंड वाकडं करतो.

बाग म्हणजे काही चार फुलझाडं आणि झोपाळे नव्हेत. शहराच्या टोकाला एक तळं, तळ्याला लागून टेकडी, टेकडीवर जुनी दाट झाडी, असं ते मोठं उद्यान होतं. तिथल्या आधीच्या पाट्या अधीक्षकांनी स्वतः लिहिलेल्या होत्या. 'सदर वृक्ष पानझडी प्रकारातील असून त्यास इजा पोहोचविल्यास दंड आकारण्यात येईल.' प्रत्येक पाटी 'सदर'ने सुरू व्हायची, म्हणून माळ्यांनी त्यांचं नाव सदरसाहेब पाडलं होतं. लोक त्या पाट्यांना सायकली टेकवून ठेवत, पोरं त्यांच्यावर च्युइंगम चिकटवत. वाचत मात्र कुणी नसे. शेवटी वरून हुकूम आला की लोक थांबून वाचतील अशा पाट्या हव्यात, आणि ताईला नेमलं गेलं.

त्याआधी ताई औषधांच्या खोक्यात घालतात ती माहितीपत्रकं लिहायची. "तिथे वाचणारा घाबरलेला असतो," ती म्हणायची, "आणि इथे कंटाळलेला. घाबरलेला परवडला."

नव्या पाट्यांचे मसुदे घेऊन ती दर आठवड्याला धाकटीकडे यायची. स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरायची आणि धाकटीला मोठ्याने वाचायला लावायची. "तू फक्त वाच. कुठे अडखळतेस ते मी बघते." धाकटी ओले हात पुसून वाचायला बसायची. ती अडखळली की ताई तिथे पेन्सिलीने खूण करायची. वाक्य एका श्वासात संपलं पाहिजे. मथळ्यात काहीतरी घडत असलं पाहिजे. आणि मुख्य म्हणजे, माणसाने पाटी वाचून पाटीकडेच बघत राहता कामा नये. पाटीने त्याची मान झाडाकडे वळवली पाहिजे.

"ताई येते ती तुला भेटायला की तुला राबवायला?" धाकटीचा नवरा विचारायचा.

पण धाकटीला ते मनापासून आवडायचं. शाळेत ताई पहिल्या बाकावरची आणि ती शेवटच्या. आता त्याच ताईचं पान तिच्या जिभेवरून गेल्याशिवाय पुढे सरकत नव्हतं. मुंग्यांच्या पाटीला 'इथे हॉर्न वाजवू नका' हा मथळा तिनेच सुचवला होता. सदरसाहेबांनी त्यावर बरेच दिवस नाक मुरडलं. मग एकदा नमुना म्हणून टाचलेल्या त्या पाटीच्या कागदापुढे उकिडवं बसून हसणारी आजीबाई त्यांना दिसली आणि त्यांनी सही केली.

सगळ्या पाट्या लागल्या तेव्हा ताईने घरच्यांना बोलावलं. धाकटी आईला घेऊन गेली. आईच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. काळा चष्मा होता आणि डॉक्टरांनी वाचायला सक्त मनाई केली होती.

"तू वाचून दाखव," आई म्हणाली. "माझ्या लेकीने काय दिवे लावलेत ते कळू दे."

ताई बागेच्या दारातच पाहुण्यांच्या घोळक्यात अडकली होती. तिने दुरून हात केला. "तुम्ही पुढे व्हा, मी आलेच."

मायलेकी सावकाश निघाल्या. तळ्याच्या काठावरची बेडकांची पाटी झाली, मुंग्यांची झाली. धाकटीला बहुतेक पाठच होत्या, तरी ती एकेक शब्द चवीने वाचत होती. आई मधूनच म्हणायची, "हे तुझं वाक्य दिसतंय," आणि बहुतेक वेळा ते खरं निघायचं. वाट वळली आणि टेकडीच्या पायथ्याशी ढोलीचं झाड आलं.

हे झाड धाकटीला ओळखीचं होतं. बुंधा इतका रुंद की चौघांनी हात धरले तरी कवेत मावू नये, आणि खाली, जमिनीलगत, लहान मूल सहज आत शिरेल अशी ढोली. त्याच्यापुढे मुलांच्या उंचीला बसवलेली एक तिरकी पाटी होती. या पाटीचा मसुदा आपण कधी वाचला नाही, हे धाकटीच्या तेव्हा लक्षात आलं. राहिला असेल, तिला वाटलं. ती वाकली आणि वाचू लागली.

"ढोलीत कोण बसलं होतं?" हा मथळा होता. "एकदा नऊ वर्षांची एक मुलगी घरातून निघाली आणि थेट इथे येऊन बसली. तिच्या आईच्या तोंडून तिने असं काहीतरी..."

तिचा आवाज थांबला. डोळे मात्र पुढे धावत राहिले. 'असं काहीतरी ऐकलं होतं, जे तिच्या कानांसाठी नव्हतं. आपण नसतो तर आईचं बरं झालं असतं, असं तिला वाटलं. दिवस मावळेपर्यंत ती या ढोलीत बसून होती. झाडाने तिला काही विचारलं नाही. हे झाड आतून पोकळ आहे, तरी जिवंत आहे. झाडाचा जीव सालीखालच्या पातळ थरात असतो. आत डोकावून बघा. पण हळू. कुणी बसलेलं असेल.'

ती मुलगी म्हणजे धाकटी स्वतः होती. त्या दुपारी मावशी आली होती. आई आणि मावशी आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत बोलत होत्या, आणि पाणी प्यायला उठलेली धाकटी दाराशी उभी होती. "एकीवर थांबायला हवं होतं मी," आई म्हणाली. "ही दुसरी झाली नसती तर ती नोकरी हातची गेली नसती. आज माझ्या पायावर उभी असते." आवाजात राग नव्हता. हिशेब चुकल्यावर माणूस बोलतो तसं ती बोलली होती. धाकटी अनवाणीच बाहेर पडली आणि चालत सुटली. तेव्हा त्यांचं घर बागेच्या जवळ होतं. तिन्हीसांजेला ताईने तिला शोधून काढलं, कारण ती ढोली दोघी बहिणींनाच माहीत होती. तिथे ताईच्या कुशीत शिरून तिने सगळं सांगितलं होतं. "झाड काही विचारत नव्हतं, म्हणून बरं वाटलं," असंही सांगितलं होतं. आणि ताईकडून वचन घेतलं होतं की आईला कधी, कधीही कळू द्यायचं नाही. घरी दोघींनी सांगितलं, खारीच्या मागे गेली आणि वाट चुकली. त्यानंतर हा विषय निघाला नव्हता. नवऱ्यालासुद्धा तिने हे सांगितलं नव्हतं.

"थांबलीस का?" आईने विचारलं.

"अक्षरं बारीक आहेत." धाकटीने पाटीवर बोट फिरवलं. "हे झाड फार जुनं आहे. आतून पोकळ आहे. त्याला कुणी इजा करू नये."

"हे आपल्या ताईने लिहिलेलं वाटत नाही," आई म्हणाली.

"चल, पुढे सावली आहे."

पण मागून एक कुटुंब आलं. त्यातल्या वडिलांचा आवाज चांगला खणखणीत होता. त्यांनी मथळ्यापासून शेवटपर्यंत पाटी वाचली, मजेत, नाटकात वाचावी तशी. त्यांची दोन मुलं ढोलीपाशी गेली आणि पावलं न वाजवता आत डोकावली. "कुणी नाहीये," धाकटं कुजबुजलं. "घरी गेली असेल," त्यांची आई म्हणाली. मग ते सगळे बुंध्याला हळूच हात लावून पुढे गेले.

धाकटीने आईकडे बघितलं. काळ्या चष्म्यामागे काय चाललंय ते कळत नव्हतं. आई एवढंच म्हणाली, "पाय दुखायला लागले. घरी जाऊ या."

ताईला न भेटताच त्या निघाल्या. रिक्षात आईने धाकटीचा हात धरून ठेवला होता. धाकटीला तो सोडवूनही घेता येईना आणि घट्ट धरवेनाही. आईला या वयात हे असं, परक्या माणसाच्या तोंडून ऐकावं लागलं होतं. चूक आपलीच असल्यासारखं धाकटीला वाटत होतं.

रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी कामावर कवळीचा साचा हातातून पडून फुटला. प्रयोगशाळेच्या मालकाने नुसती भुवई उंचावली, कारण असं कधी झालं नव्हतं. संध्याकाळी ती थेट आईकडे गेली. येताना काय बोलायचं ते मनात जुळवून आली होती.

"आई, ते काल जे ऐकलंस ना, ते मनाला लावून घेऊ नकोस. मी लहान होते. तू काय बोललीस, मी काय समजले..."

आई डोळ्यात औषध घालून मान मागे टाकून बसली होती. तशीच म्हणाली, "मला काय नवीन आहे त्यात? मला तेव्हाच माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तू का गेलीस ते. ताईने त्याच रात्री सांगितलं मला. तू झोपल्यावर आली माझ्याकडे. हुंदके देऊन रडत होती बिचारी. म्हणाली, तू असं बोललीस आणि तिने ऐकलं." आईने रुमालाने गालावरचा ओघळ पुसला. तो औषधाचाच होता. "मला वाटलं, तुम्हा बहिणींचं यावर कधीच बोलणं होऊन गेलं असेल."

धाकटी उठून खिडकीशी गेली. खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरा कुणी "येऊ दे, येऊ दे" म्हणत होता. ती ते ऐकत राहिली.

कारण तिला त्या दिवसानंतरची आई आठवत होती. आधीची आई कामापुरती बोलायची, हाताला येईल ती वेणी ओढून घालायची. त्या दिवसानंतर हळूहळू ती बदलली होती. शाळेच्या फाटकाशी उभी राहायला लागली, अभ्यासाला शेजारी बसायला लागली. बाजारातून आली की "तुझ्यासाठी" म्हणून काहीतरी काढायची. हे आपण कमावलं, असं धाकटी आजवर धरून चालली होती. ती शहाण्यासारखी वागायची, आपलं ताट आपण घासायची, हट्ट करायची नाही. नकोशी होते, पण मी आईला स्वतःच्या जोरावर जिंकलं, हे तिने कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. तरी त्याच पायावर ती उभी होती. लग्नात, नोकरीत, आजारपणात, कुठेही मन खचलं की ती तिथे जाऊन टेकायची. आणि आता कळत होतं की ते तिने जिंकलेलं नव्हतंच. ताईने आईच्या कानात सांगून ते मिळवून दिलं होतं.

"तुला बरं वाटत नाहीये का?" आईने विचारलं.

"डोकं दुखतंय," असं म्हणून ती निघाली आणि तशीच बागेत गेली.

ताईची कचेरी म्हणजे बागेतली जुनी अवजारांची खोली होती. एका भिंतीला अजून फावडी टांगलेली होती. दुसऱ्या भिंतीला पाट्यांचे नमुने, रंगांच्या पट्ट्या, आणि ढोलीच्या झाडाच्या पाटीचा कागदी नमुना. त्याचे कोपरे पावसापाण्याने वळले होते. म्हणजे पक्की पाटी करण्याआधी तो कितीतरी दिवस बाहेर लावून बघितला होता.

"काल न सांगता गेलात," ताई म्हणाली. मग तिने धाकटीचा चेहरा बघितला आणि हातातली पेन्सिल खाली ठेवली. "बस."

"मला बसायचं नाही. ही पाटी मला का नाही दाखवलीस?"

"त्यात नाव नाही कुणाचं. गाव नाही, साल नाही. ती मुलगी कुणीही असू शकते."

"ताई, मी विचारलं ते सांग."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"हो."

"म्हणून नाही विचारलं."

धाकटीला वाटलं होतं ताई सारवासारव करेल, निदान खाली बघेल. पण ताई सरळ तिच्याकडे बघत होती.

"त्या झाडाच्या किती पाट्या लिहिल्या मी," ताई म्हणाली. "किड्यांची लिहिली, घुबडाची लिहिली, झाडाच्या वयाची लिहिली. कुणी ढुंकून बघेना. पोरं खोडावर नावं कोरायची. एकदा ढोलीत कागद पेटवले, आतून काळं झालंय बघ अजून. मग एक दिवस हे लिहिलं आणि नुसता कागद टाचून आले. तेव्हापासून एक ओरखडा नाही त्या झाडावर. लोक आवाज खाली आणतात तिथे. आयुष्यात एवढं चांगलं काही लिहिलं नाही मी."

"तू नाही लिहिलंस ते. 'झाडाने काही विचारलं नाही' हे माझं वाक्य आहे. मी तुझ्या कुशीत बसून बोलले होते."

"माहीत आहे."

"आणि आईला? त्याच रात्री?"

आता मात्र ताईचा चेहरा उतरला. "आईने सांगितलं?"

"तिला वाटलं मला माहीत असेल. सगळ्यांना सगळं माहीत होतं. फक्त मीच वेड्यासारखी गुपित सांभाळत बसले. आईला लागेल म्हणून काल खोटं वाचलं मी तिच्यापुढे."

"मी तेरा वर्षांची होते," ताई म्हणाली. "तू झोपेत दचकत होतीस. 'मी जाते, मी जाते' म्हणत होतीस. मी काय करायला हवं होतं? गप्प बसून उद्या तू पुन्हा गेलीस, आणि ढोलीत सापडली नाहीस, तर?"

धाकटीला स्वतःलाही एक मुलगी होती. तिच्या बाबतीत कुणी असं गुपित पोटात ठेवलं असतं तर तिने त्याला फाडून खाल्लं असतं. तेराव्या वर्षीची ताई चुकली असं तिला म्हणता येईना, आणि म्हणूनच ती जास्त चिडली.

"तेव्हाचं सोड," ती म्हणाली. "नंतर कधी सांगितलं असतंस. आपण एवढ्या मोठ्या झालो. दर आठवड्याला माझ्या टेबलाशी येऊन बसत होतीस. माझ्याकडून बेडूक वाचून घेतलास, मुंग्या वाचून घेतल्यास. हा कागद तुझ्या पिशवीत असेल तेव्हा. तू तो वेगळा काढून ठेवायचीस ना, येण्याआधी?"

ताईने मान हलवली. हो.

धाकटीला सगळ्यात जास्त ते लागलं. पाटीपेक्षाही, आईला सांगितल्यापेक्षाही. आपल्या घराची पायरी चढण्याआधी ताई थांबते, पिशवी उघडते आणि एक कागद तळाशी सारते, हे तिला डोळ्यांपुढे दिसलं.

"ती काढून टाक," ती म्हणाली.

"सदरसाहेब विचारतील. सगळ्यांत गाजलेली पाटी आहे."

"तो तुझा प्रश्न."

ताईने पाटी काढली. सदरसाहेबांना काय कारण सांगितलं कोण जाणे. दोघांचं वाजलं, असं धाकटीच्या नवऱ्याच्या कानावर आलं. काही दिवस तिथे नुसते दोन खांब उभे होते. मग ताई नवा मसुदा घेऊन धाकटीकडे आली. दारातच उभी राहिली, कारण धाकटीने आत ये म्हटलं नाही.

"घुबडाचं लिहिलंय. एकदा वाचून देतेस?"

"नको. आता दुसरं कुणीतरी शोध."

"अशी किती दिवस बोलणार नाहीस?"

"बोलतेय ना मी."

आणि ती खरोखरच बोलत होती. आईच्या डोळ्याच्या तपासणीची तारीख कोणती, थेंब कुणी आणायचे, आईला दवाखान्यात कोण नेणार, हे सगळं दोघी फोनवर नीट बोलत. पण मुलीचं पहिलं भांडण, नवऱ्याचं हल्लीचं गप्प राहणं, स्वतःच्या छातीत अधूनमधून येणारी कळ, यातलं काही धाकटी ताईला सांगेनाशी झाली. सांगायला तोंड उघडलं की वाटायचं, हे उद्या कुठे लिहिलेलं दिसेल. ताईच्याही ते ध्यानात आलं असावं. तीही फार खोदून विचारायची नाही.

नवी पाटी लागली. नवरा मुलीला घेऊन जाऊन बघून आला. चांगली आहे म्हणाला. लोक थांबत होते का, हे धाकटीने विचारलं नाही, आणि त्यानेही सांगितलं नाही.

आईशी मात्र एकदा बोलणं भाग होतं. आईचा काळा चष्मा सुटला त्या आठवड्यात धाकटी तिच्याकडे गेली. आई नव्या नजरेने घरभर फिरत होती आणि कोपऱ्याकोपऱ्यातली जळमटं बघून स्वतःलाच नावं ठेवत होती. धाकटीने तिला हाताला धरून बसवलं.

"एक विचारू? खरं सांगायचं."

"विचार."

"त्यानंतर तू माझ्याशी चांगली वागायला लागलीस. शाळेशी येऊन उभी राहायचीस. ते ताईने सांगितलं म्हणून?"

आई नाही म्हणून मोकळी झाली असती तर धाकटीने विश्वास ठेवला नसता, आणि तरी तिला तेच ऐकायचं होतं.

"हो," आई म्हणाली. "सुरुवात तशीच झाली. घाबरले होते मी. रोज सकाळी उठून ठरवायचे, आज हिच्याशी नीट वागायचं. ठरवून करायचे. शाळेशी यायचे तेसुद्धा ठरवून." ती आपल्या हातांकडे बघत होती. "मग पुढे कधीतरी ठरवावं लागेनासं झालं."

"कधी?"

"ते मला सांगता यायचं नाही. तसं कळत नसतं गं. एक दिवस बघितलं तर होऊन गेलेलं होतं."

धाकटीला ती तारीख हवी होती. अमुक वर्ष, अमुक आजारपण, अमुक दिवस, म्हणजे त्याच्या अलीकडचं ताईचं आणि पलीकडचं आपलं असं तरी म्हणता आलं असतं. पण आईकडे ते नव्हतं, आणि खोटं सांगायला ती तयार नव्हती.

"नोकरीचं मात्र खरं होतं," आई हळूच म्हणाली. "ते मी बोलले ते खरंच वाटत होतं मला तेव्हा. लपवत नाही तुझ्यापासून."

"बरं," धाकटी म्हणाली.

ती आणखी थोडा वेळ बसली. आईने तिला जळमटं काढायला लावली, वरच्या फळीवरचे डबे खाली घ्यायला लावले. निघताना आई दारापर्यंत आली आणि म्हणाली, "पोचलीस की फोन कर."

हे आई नेहमीच म्हणायची. धाकटी जिना उतरत असताना पहिल्यांदाच तिच्या मनात आलं, हे ठरवून म्हटलेलं की आपोआप? शेवटच्या पायरीशी ती थांबली, वर बघितलं. आई अजून कठड्याशी उभी होती, पण तिथून तिचा चेहरा दिसत नव्हता.

घरी पोचल्यावर तिने चपला काढल्या, मुलीला जवळ घेतलं आणि आईला फोन लावला. "पोचले," म्हणाली. पलीकडून आई म्हणाली, "बरं झालं." मग दोघींनीही फोन लगेच ठेवला नाही.